आठ नंबरची मूठ

डनरॉइड या कोळशाच्या खाणीच्या गावात, रग्बीच्या मैदानावर क्लिफर्ड हेगने एकोणीस हिवाळे काढले, आणि एवढ्या वर्षांत त्याने केलेले ट्राय, म्हणजे रग्बीतले गोल म्हणा, एका हाताच्या बोटांवर मोजले तरी अंगठा शिल्लक राहायचा. वर्तमानपत्रात त्याचं नाव यायचं ते संघाच्या यादीत, आठ नंबरसमोर, बस. पळणाऱ्या पोरांचे फोटो छापतात. त्यांना वाट करून देताना ज्याच्या बरगड्या शेकतात त्याचा फोटो कोण छापतो? पण गावात कुणालाही विचारा, रविवारी दुपारी संघाची नावं सांगताना पहिलं नाव क्लिफचंच यायचं. बाकीचे कोण खेळणार यावर वाद घाला हवा तेवढा. क्लिफ असायचाच.

माणूस नाकासमोर चालणारा. सतराव्या वर्षी बापाच्या मागोमाग खाणीत उतरला, त्याच वर्षी बापाच्याच ओळखीने संघात आला. आठवडाभर जमिनीखाली कोळसा तोडायचा आणि रविवारी जमिनीवर माणसं पाडायची. सामना सुरू झाला की पहिला चेंडू हातात घेऊन समोरच्या भिंतीत घुसायचं काम त्याचं. त्याला दोघे-तिघे मिळून आपटत; तो उठायचा, पुन्हा रांगेत उभा राहायचा. नाक तीनदा मोडलं. कान फुलकोबीसारखे झाले. सोमवारी पहाटेच्या पाळीला मात्र हजर. बायको ग्लेनिस म्हणायची, "लग्न मी माणसाशी केलं की दाराच्या चौकटीशी, तेच कळत नाही."

त्याचं खरं कसब होतं स्क्रममध्ये. तो काळ अजून स्क्रममध्ये खरोखर झुंजण्याचा होता. दोन्हीकडचे सहा-सहा फॉरवर्ड वाकून, खांद्याला खांदा लावून एकमेकांत डोकी अडकवणार. मधे चेंडू पडणार. आणि पुढच्या रांगेतला मधला माणूस, हुकर, तो पायाने मागे ओढणार. हुकरचे दोन्ही हात शेजारच्या दोघांच्या मानेवर टाकलेले. म्हणजे तो त्यांच्या अंगावर लोंबकळतच असतो म्हणा ना. शेजाऱ्यांनी धरलं तर तो राजा, सोडलं तर तोंडावर. त्या दोन शेजाऱ्यांतला एक क्लिफ. त्याची मूठ एकदा हुकरच्या जर्सीला बसली की पंचाने शिट्टी मारून वर दोनदा ओरडल्याशिवाय सुटायची नाही.

नऊ वर्षं त्याच्या त्या मुठीत एकच माणूस होता: नेव्हिल ऑडी. अंगाने लहानखुरा, जिभेने तिखट. दोघं एकाच पाळीला, खाणीतल्या लिफ्टच्या एकाच पिंजऱ्यातून खाली जायचे. नेव्हिलची पोरगी हेदर, तिच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरून उभा होता तो क्लिफच. नेव्हिल अखंड बोलायचा आणि क्लिफ अखंड ऐकायचा, त्यामुळे दोघांचं पटायचं.

मग चौऱ्याऐंशी साली संप झाला.

वर्षभर चाललेल्या त्या संपाबद्दल इथे नव्याने काय सांगायचं? ज्यांनी भोगला त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी नाही भोगला त्यांना सांगून कळत नाही. खाणकामगारांच्या वेलफेअर हॉलमध्ये ग्लेनिस आणि बाकीच्या बाया रोज दोनशे माणसांचं जेवण रांधत होत्या. आज बटाटे, उद्या बटाटे, परवा बटाट्यांचं पाणी. गाव पोटाला चिमटा घेऊन उभं होतं, पण एकजात उभं होतं. आणि संप मिटायला अठरा दिवस उरले असताना (ते अठरा आहेत हे तेव्हा देवाला ठाऊक) एका सकाळी खाणीच्या फाटकातून आत गेलेल्या, संप मोडणाऱ्यांना कामावर नेणाऱ्या जाळीच्या बसमध्ये नेव्हिल ऑडी बसलेला लोकांनी पाहिला.

त्या दिवसापासून नेव्हिल डनरॉइडला मेला. वाळीत टाकणं म्हणजे काय ते तिथे बघावं. दुकानात त्याची बायको पॅट शिरली की बोलणं बंद. दारावर रंगाने लिहिलेलं 'संपफोड्या', त्यावर त्याने दुसरा रंग फासला, त्यावर पुन्हा लिहिलेलं. सात वर्षांच्या हेदरशेजारी शाळेत बाकावर कुणी बसेना. हे बरोबर होतं का? मी गावचाच माणूस, मला विचारू नका. इथे संपफोड्याशी माणूस बोलत नाही, मरेपर्यंत बोलत नाही. कित्येक घरांत भाऊ भावाशी बोललेला नाही.

पंचाईत झाली ती संघाची. नेव्हिलसारखा हुकर पंचक्रोशीत नव्हता. दोघे-तिघे खेळाडू म्हणाले, तो असेल तर आम्ही नाही. प्रशिक्षकाने डोकं धरलं. शेवटी सगळ्यांनी क्लिफकडे पाहिलं, कारण खांदा त्याचा होता.

क्लिफ बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "धरीन. बोलणार नाही."

झालं. हे तीन शब्द गावाने उचलून धरले. धरणं हा खेळ, न बोलणं हा धर्म. दोन्ही पाळणारा माणूस म्हणून क्लिफची किंमत उलट वाढली.

आणि त्याने पाळलं. दोन हंगाम उलटून तिसरा लागला. रविवारी दुपारी गालाला गाल घासत, एकमेकांचा घाम पीत, त्याच्या कुशीत नेव्हिल लोंबकळायचा आणि दोघांत ब्र निघायचा नाही. चेंडू ओढायला तयार झाला की नेव्हिल क्लिफच्या खांद्यावर दोन बोटं आपटायचा. तेवढंच काय ते दोघांचं संभाषण. सामना संपला की क्लिफ आंघोळीच्या हौदात या टोकाला, नेव्हिल त्या टोकाला. क्लिफच्या मनात काय होतं? राग होताच. पण एक विचित्र हट्टही होता. कुणी म्हणू नये की हेगने राग काढला. म्हणून पूर्वी धरायचा त्याहून घट्ट धरायचा.

सत्त्याऐंशीच्या नोव्हेंबरात, घरच्या मैदानावर, मध्यंतरानंतरचा दुसराच स्क्रम. मैदान म्हणजे नुसता राबडा. नेव्हिलने बोटं आपटली, पाय टाकला, आणि समोरच्यांनी तिरका रेटा दिला. क्लिफचा बूट चिखलात सपकन सरकला. बारा माणसांचं ओझं एका अंगावर कललं आणि पुढची रांग बसली. क्लिफने कानापाशी एक आवाज ऐकला. जाड ओली काठी मोडल्यासारखा.

पंच ओरडत होता. माणसं एकेक करून उठली. नेव्हिल उठला नाही. स्ट्रेचर आलं. हजारभर लोक चिडीचूप. स्ट्रेचर कडेच्या दोरीपाशी पोचलं तेव्हा उभ्या प्रेक्षकांच्या बाजूने कुणीतरी टाळी वाजवली. एकच. मग दुसरी. जखमी माणसाला धीर द्यायला वाजवतात तसली ती टाळी नव्हती, आणि मैदानावरच्या प्रत्येकाला ते कळलं. लोक क्लिफकडे बघत होते.

संध्याकाळी क्लबात त्याच्यासमोर बिअरचे पेले येऊ लागले. एक पुरा व्हायच्या आत दुसरा.

"पाय घसरला माझा," क्लिफ म्हणाला.

"हो रे बाबा, घसरला!" कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं आणि डोळा मारला. "चिखल फार होता, नाही का?"

"खरंच घसरला."

"अरे, आम्ही काय पोलीस आहोत का? पी तू."

युनियनच्या शाखेचा सेक्रेटरी अर्नेस्ट बूथ, साठी उलटलेला, फुप्फुसात कोळसा भरलेला, दम खात खात त्याच्यापर्यंत आला. खांद्यावर हात ठेवला. "शाखेतर्फे मी काही बोलत नाही," तो म्हणाला. "पण लेका, शाब्बास."

सोळा वर्षं माणसं अंगावर घेऊन कधी न हललेला क्लिफ त्या शाब्बासकीने हलला. घरी आल्यावर ग्लेनिसने कोट काढायच्या आधी विचारलं, "खरं सांग. सोडलंस?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. तिने वर्षभर बटाटे सोलले होते. तिच्या चेहऱ्यावर सुटकेपेक्षा निराशाच जास्त होती, आणि विश्वास तर नव्हताच.

नेव्हिल वाचला. मणका मोडला होता, पण आतली मज्जारज्जूची दोरी तुटली नव्हती. सात आठवड्यांनी शहरातल्या इस्पितळातून त्याला घरी आणलं. हे सगळे आठवडे क्लिफला एकच गोष्ट पोखरत होती. त्याने सोडलं नव्हतं, हे जगात दोघांनाच ठाऊक असू शकत होतं, आणि त्यातल्या दुसऱ्याशी बोलायला मनाई होती. नेव्हिललाही तसंच वाटत असेल तर? तीन वर्षं जीव मुठीत धरून ठेवलेल्या माणसाने आपण त्याला टाकला असं समजावं, हे त्याला अन्न गोड लागू देईना.

जानेवारीतल्या एका मंगळवारी, भर दुपारी, सगळी आळी बघत असताना तो नेव्हिलच्या दारात जाऊन उभा राहिला. दारावरच्या रंगाच्या तीन थरांखालून 'संपफोड्या' अजून वाचता येत होतं.

पॅटने दार उघडलं. त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तीन वर्षांनी रस्ता सापडला वाटतं," ती म्हणाली. मग बाजूला झाली.

नेव्हिल खुर्चीत बसला होता. डोक्याभोवती लोखंडी कडं, त्याचे चार खिळे कवटीत, सळया खांद्यावर. "समोर बस," तो म्हणाला. "मान वळत नाही."

क्लिफ बसला. वाक्य वाटेत पाठ केलं होतं. "मी सोडलं नव्हतं."

"माहीत आहे," नेव्हिल म्हणाला. "सोडलं असतंस तर बरं झालं असतं."

क्लिफला कळेना.

"हात मोकळा झाला असता ना माझा! जमिनीला टेकवला असता. दात पडले असते फार तर. पण तू कसला सोडतोस? तुझी ती मगरमिठी. खाली जाईपर्यंत धरून होतास. मग चिखलात पडल्यापडल्या दुसऱ्या हाताने स्वतःची बोटं एकेक करून उघडलीस, आठवतंय?"

क्लिफला आठवत नव्हतं. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. पॅटने चहा आणून ठेवला, नेव्हिलच्या कपात नळी घातली.

"नेव्ह, मी..."

"माफी नको मागूस, मला रडता येत नाही, खिळे दुखतात." नेव्हिलने नळीने घोटभर चहा घेतला. "ऐक. गेल्या शुक्रवारी दुकानात एक बाई हिच्याशी बोलली. 'कसा आहे नेव्हिल?' म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदा. आणि हेदरला वाढदिवसाचं बोलावणं आलंय. सांग गं."

"शनिवारी," पॅट म्हणाली. "पोरगी दोन दिवस फ्रॉक घालून आरशासमोर उभी आहे."

"लोक म्हणतायत, झालं, भरून पावलं. गावाने आपल्या हाताने शिक्षा केली, आता पुरे. इस्पितळात अर्नेस्ट बूथचा माणूस आला होता. विचारलं, सोडलं का त्याने? मी म्हटलं, हो. म्हटलं, त्याच्या जागी मी असतो तर मीही सोडलं असतं."

"का?" क्लिफ उठून उभा राहिला. "का सांगितलंस असं? मी उभ्या जन्मात..."

"बस खाली. मान तर मोडलीच आहे ना? ती फुकट कशाला घालवू?"

क्लिफ बसला.

"तुझा नुसता पाय घसरला म्हटलं तर तो अपघात," नेव्हिल म्हणाला. "अपघात काय, कुणालाही होतो. त्याने माझं काही फिटत नाही. तू सोडलंस, तर फिटतं. म्हणून 'मी नाही सोडलं, मी नाही सोडलं' करत हिंडू नकोस. एवढंच. हो म्हणायला सांगत नाही मी."

"ग्लेनिसला मी त्याच दिवशी सांगितलंय. नाही म्हणून."

"ठेवला विश्वास?"

"नाही."

"मग राहू दे तसंच. तिच्या कानात पडलं की वेलफेअर हॉलमध्ये दुपारच्या आत पोचेल."

दारापाशी क्लिफ थांबला. "का गेलास त्या बसने?"

नेव्हिलला वळता येत नव्हतं. तो भिंतीकडे बघूनच म्हणाला, "तेव्हा विचारायचं होतंस."

क्लिफ पुढे अडीच हंगाम खेळला. गावाने त्याला डोक्यावर घेतलं, पण मैदानावरची गोष्ट वेगळी. बाहेरगावचे प्रॉप, म्हणजे त्याच्यासारखेच हुकरला धरणारे, सामन्यानंतर त्याचा हात हातात घेईनासे झाले. हुकरला टाकणारा माणूस म्हणजे या खेळात कोण, हे त्यांना सांगावं लागत नाही. नेव्हिलच्या जागी नवा हुकर आणला, तो पहिल्या स्क्रमला त्याच्या खांद्यावर हात टाकताना हसत म्हणाला, "काका, मी संपात नव्हतो हं. मला नका टाकू." हसत म्हणाला, पण त्याचं अंग ताठ होतं, ते क्लिफच्या दंडाला कळलं. ज्या एका गोष्टीसाठी लोक त्याच्यावर जीव टाकत होते तीच त्याच्याकडून गेली होती, आणि ती गेली म्हणून लोक त्याला बिअर पाजत होते. असलं वैभव वैऱ्यालाही मिळू नये.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात ग्लेनिस एकदा परसात कपडे वाळत घालत होती. चिमटा तोंडात धरूनच म्हणाली, "तू सोडलं नव्हतंस."

क्लिफने टोपलीतली ओली चादर उचलून तिच्याकडे दिली.

"दीड वर्ष बघतेय मी. त्या गोष्टीवरून तुला पाजलेला एकही पेला तू संपवत नाहीस. अर्धा टाकून उठतोस. एरवी थेंब सोडशील तू?" तिने चिमटा काढून चादरीला लावला. "मीच मूर्ख. तेव्हाच ऐकायला हवं होतं."

शब्द नेव्हिलला दिलेला होता, म्हणून क्लिफने मान हलवली नाही की डोलावली नाही. पण त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. जगात निदान एक माणूस आपल्याला ओळखतो, आणि तो आपल्याच घरात राहतो. आणखी काय लागतं? ग्लेनिसनेही ते कुणाला सांगितलं नाही. तोवर ती आणि पॅट मंगळवारी एकत्र बिंगोला जायला लागल्या होत्या.

नव्वदच्या मे महिन्यात क्लिफने बूट टांगले, खेळ सोडला. क्लबाने रविवारी दुपारचं जेवण ठेवलं. रोस्ट, यॉर्कशायर पुडिंग, वाटाणे, रस्सा. दीडशे पानं. नेव्हिल, पॅट आणि हेदरलाही बोलावणं होतं, आणि ते भिंतीकडेला नव्हे, मधल्या टेबलावर बसले होते. कडं केव्हाच निघालं होतं, पण नेव्हिलला कुणाकडे बघायचं तर सगळं अंग वळवावं लागायचं. हेदर तेरा वर्षांची. चार मैत्रिणींच्या घोळक्यात बसून कशावर तरी तोंड दाबून हसत होती.

भाषणाला अर्नेस्ट बूथ उभा राहिला. चारशे अठ्ठ्याहत्तर सामने, तो म्हणाला, आणि एकदाही मैदान सोडून गेला नाही. टाळ्या. मग दम खाऊन तो जरा थांबला, आणि त्याचा आवाज बदलला.

"एक गोष्ट मात्र राहिली आहे. मी काही फार दिवस नाही, तेव्हा विचारून घेतो. हल्ली काही तरणी पोरं म्हणतात की त्या दिवशी तसं काही झालंच नव्हतं. चिखल होता, पाय घसरला. क्लिफने तरी स्वतःच्या तोंडाने कधी हो म्हटलंय? आता पाय घसरला असेल तर तो अपघात. आणि अपघात असेल, तर," त्याने मधल्या टेबलाकडे हात केला, "हे आपल्या पंक्तीला बसलेत ते कशाच्या जोरावर, एवढंच मला सांगा."

काटे-चमचे थांबले. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "जाऊ दे ना अर्नी." पण कुणी जोर करून म्हणालं नाही. पॅट पांढरीफटक पडली. नेव्हिल ताटाकडे बघत होता. हेदरचं हसू अर्धवट राहिलं होतं, आणि तिच्या शेजारची मैत्रीण इंचभर सरकली होती. इंचभरच. क्लिफने ते पाहिलं.

टेबलाखाली ग्लेनिसचा हात त्याच्या गुडघ्यावर होता. तिने गुडघा दाबला. तिला वाटलं असेल, आता हा खरं बोलेल, तीन वर्षांचं ओझं एकदाचं खाली ठेवेल; होऊ दे काय व्हायचं ते. त्या दाबण्यात तेच होतं.

क्लिफ उठला. भाषण त्याला कधी येत नव्हतं.

"सोडलं मी," तो म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा म्हणाला, "पाय नव्हता घसरला. जाणूनबुजून सोडलं. त्याला त्याचं मिळालंय. आता पुरे."

छप्पर उडेल असा गलका झाला. टेबलं बडवली, बुटांनी जमीन बडवली. अर्नेस्ट बूथ डोळे पुसत मधल्या टेबलाशी गेला आणि सगळ्यांदेखत त्याने नेव्हिलपुढे हात केला. मैत्रिणीने हेदरच्या ताटात आपलं पुडिंग टाकलं. क्लिफसमोर कुणीतरी भरलेला पेला ठेवला. तो त्याने उचलला आणि तळापर्यंत संपवला.

खाली बसला तेव्हा गुडघ्यावर हात नव्हता.

घरी चालत जाताना लख्ख ऊन होतं. लोक दारात खुर्च्या टाकून बसले होते, क्लिफला हात करत होते. ग्लेनिस दोन पावलं पुढे चालत होती. कोपऱ्यावर पॅटने मागून हाक मारली, "मंगळवारी येतेस ना गं?" आणि ग्लेनिसने वळून, नेहमीच्या आवाजात सांगितलं, "येते की."

मग फाटकाची कडी काढताना ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "निदान मला तरी त्याच रात्री खरं सांगायचं होतंस."

"आज सांगितलं ना," क्लिफ म्हणाला.